काकूबाईची पाठ आणि आईचा गाऊन

टेलरबाईंच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक घोड्यावर बसूनच येतं. पँट संध्याकाळी हवी, चेन आत्ताच्या आत्ता बदलून हवी, आणि शर्टाची बाही तर, "अहो, दोन टाक्यांचं काम, मी थांबते की!" टेलरबाई कुणावर चिडत नाहीत. दातात टाचण्या धरलेल्या असताना चिडता येत नाही, हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की या सगळ्या मंडळींत खरोखर घोड्यावर बसणाऱ्या त्या एकट्याच, आणि तिथं घाई करून भागत नाही हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

वय एक्कावन्न. लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारणाऱ्याच्या कमरेला त्या टेप गुंडाळतात आणि आकडा मोठ्यानं वाचून दाखवतात. पुढचा प्रश्न येत नाही. घराची पुढची खोली म्हणजे दुकान: एक साधी मशीन, कडा शिवायची एक ओव्हरलॉक, वाफेची इस्त्री आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली आडोशाची जागा. मागं स्वयंपाकघर आणि आईची खोली. भिंतीवर एका खिळ्याला जुना टेप टांगलेला आहे. तो तेवीस इंचांपासून सुरू होतो.

पहिले तेवीस इंच गेले त्याची गोष्ट अशी. सहा वर्षांपूर्वी टेलरबाई बस डेपोमागच्या तबेल्यात ताडपत्रीच्या पडद्याचं माप घ्यायला गेल्या होत्या. तबेल्याचा मालक मूळचा नालबंद. जन्मभर घोड्यांचे पाय मांडीत धरून नाल ठोकता ठोकता त्याचे स्वतःचे गुडघे कामातून गेले, तेव्हापासून स्टुलावर बसून सगळ्यांवर ओरडण्याचं काम त्यानं पत्करलं होतं. बाई माप घेत होत्या आणि मागून एका तांबूस घोडीनं टेपचं टोक तोंडात धरून शांतपणे चघळायला घेतलं. वळून बघेपर्यंत तेवीस इंचांचा लगदा झाला होता. नालबंदानं घोडीच्या तोंडात हात घालून तो बाहेर काढला आणि म्हणाला, "हिला माणूस आवडलं की ही त्याची वस्तू खाते. बसणार का वर?"

टेलरबाईंनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. पण त्या बसल्या. का बसल्या ते त्यांना अजून सांगता येत नाही.

त्या घोडीला सगळे काकूबाई म्हणत. वाटेत डबकं दिसलं की ती थांबायची, बाजूनं कोरडी वाट आहे का ते बघायची, आणि नसलीच तर एकेक पाय असा उचलून टाकायची, की आता ही नाक मुरडून काहीतरी बोलणार असं वाटावं. पण एकदा दुडक्या चालीला लागली की दोन-दोन तास त्याच ठेक्यात. टेलरबाई म्हणायच्या, चांगल्या मशीनसारखी चालते, धागा तुटत नाही.

आणि मग तबेल्यात एक पत्र आलं. तीन दिवसांची लांब पल्ल्याची रपेट. रोज चाळीस किलोमीटर, टेकड्यांतून, नदीकाठानं. पहिलं येण्यासाठी नव्हे, पूर्ण करण्यासाठी. मुख्य म्हणजे परीक्षा स्वाराची नसून घोड्याची. निघायच्या आधी, मधे आणि रोज संध्याकाळी घोड्यांचे डॉक्टर तपासणार: वीस मिनिटांत नाडी चौसष्टवर आली का, चाल सरळ आहे का, पाठीला कुठं घासलंय का. एक जरी गोष्ट खटकली की खोगीर उतरवा आणि घरी जा.

"काकूबाई सतरा वर्षांची झाली," नालबंद म्हणाला. "पुढच्या वर्षी मी तिला इतक्या लांब पाठवणार नाही. जायचं तर याच वर्षी."

टेलरबाईंनी नाव दिलं. रपेट महिन्याभरावर होती, आणि नाव मागं घ्यायचं झालं तर त्याला एक रविवार ठरवून दिलेला होता. तेवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आईला सांगितलं तेव्हा ती गाजरं किसत होती. आई एक्क्याऐंशीची. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून तिनं लोकांची बोलणी जोडून दिली होती. कधीच्या वारलेल्या माणसांचे चार आकडी नंबर तिला अजून पाठ. लेक घोड्यावर बसायला लागल्यापासून तिनं भाषेतलं एकूण एक घोडं बाहेर काढलं होतं. लेक उशिरा आली की वरातीमागून घोडं. जेवायला खोळंबा झाला की कुठं पेंड खात होतं तुझं घोडं. रपेटीचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "जा. घोडामैदान जवळच आहे."

तयारी जोरात सुरू झाली. टेलरबाई सकाळी समोरच्या इमारतीचे चार मजले तीनदा चढायच्या. वॉचमननं पहिल्या दिवशी कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं, दुसऱ्या दिवशी तब्येतीची चौकशी केली आणि तिसऱ्या दिवशी खुर्ची आणून ठेवली. दुकानात शिवताना त्या पाठ ताठ ठेवून बसायला लागल्या. पहिल्या लांब फेरीत घरच्या शिलाईच्या पँटची शिवण गुडघ्याच्या आतल्या अंगाला अशी घासली, की दोन दिवस त्यांना फेंगडं चालावं लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पँट उसवली आणि आतली शिवण बाहेरच्या अंगाला नेली. स्वतःला टोचलं की माणूस किती चटकन शिकतं बघा.

मग काकूबाईची गादी. खोगिराखाली घालायची जुनी गादी विरली होती. बाजारातली आणली असती तर चाललं असतं, पण टेलरबाई कसल्या ऐकतात? आत लोकरीचा जाड नमदा, वर गडद निळं कापड, कडेनं पांढरा गोट. आठवडाभर रोज दुकान बंद झाल्यावर त्या गादी शिवत होत्या. तीस वर्षं त्यांनी एकच धर्म पाळला होता: शिवण दिसता कामा नये. धाग्याचं टोक नाही, गाठ नाही, दुमड नाही. जे काय असेल ते आतल्या अंगाला. गादी तयार झाली तेव्हा वरून इतकी नितळ दिसत होती, की ती शिवलीय हेच कुणाला पटेना. गिऱ्हाइकं तिच्यावरून हात फिरवून जायची. एकीनं तर पाळण्यात घालायला अशीच करून द्या म्हटलं.

इथवर सगळं छान चाललं होतं. दोन ठिकाणी घोडं अडलं.

पहिलं घरात. गेले चार-पाच महिने आई गाऊन उलटा घालायला लागली होती. टेलरबाईंनीच शिवलेले गाऊन, मऊ सुती कापडाचे, खांद्यावर नाजूक चुणी घातलेले. सकाळी आई बाहेर यायची ती शिवणी वर आणि चुणी आत. टेलरबाई म्हणायच्या, "आई, उलटा घातलायस." आई म्हणायची, "हो का?" आणि आत जाऊन सुलटा करून यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तिच्या खांद्यावर लाल ओळ दिसली. टेलरबाईंनी मलम लावलं, साबण बदलला.

दादाला, म्हणजे टेलरबाईंच्या थोरल्या भावाला, हे कळलं आणि तो हबकलाच. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, शाळेत गणित शिकवायचा आणि कुठल्याही गोष्टीचं उत्तर शेवटच्या ओळीत आलंच पाहिजे अशा स्वभावाचा. आईला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनी वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आईनं सगळं अचूक सांगितलं, वर डॉक्टरांच्या वडिलांचा जुना टेलिफोन नंबरही सांगितला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाऊन उलटा.

"हे असंच सुरू होतं," दादा स्वयंपाकघरात आवाज खाली आणून म्हणाला. "आज गाऊन, उद्या गॅस. तीन दिवस मी राहीन गं, पण मी शाळेत असताना काही झालं तर? या वर्षी जाऊ नकोस तू."

"पुढच्या वर्षी काकूबाई नसेल."

"आणि आई?" दादा म्हणाला.

दुसरं तबेल्यात. नाव मागं घ्यायच्या रविवारआधीच्या गुरुवारी तालमीची रपेट होती, पंचवीस किलोमीटरची, नवी गादी घालून. काकूबाई अशी चालली, की टेलरबाई वाटेत गाणं म्हणत होत्या, आणि त्यांचं गाणं सहन करते म्हणजे घोडी खरोखर खुशीत असणार. परत आल्यावर घोड्यांची डॉक्टरीण थांबलीच होती, रपेटीला तपासणी करणारीच. नाडी बारा मिनिटांत खाली आली. चाल सरळ. मग तिनं पाठीवरून तळवा फिरवला आणि खोगिराच्या मागच्या टोकाखाली बोटं थांबली. काकूबाईनं अंग चोरलं.

चार बोटं लांबीची बारीक पट्टी. केस विस्कटून उलटे फिरलेले, खाली कातडी गरम.

"आज खरी रपेट असती तर मी तुम्हाला इथंच थांबवलं असतं," डॉक्टरीण म्हणाली. ती बोलली अगदी सौम्यपणे, त्यामुळे जास्तच लागलं.

टेलरबाई रडवेल्या झाल्या. पहिला संशय त्यांनी स्वतःवर घेतला. वजन कमी करायला हवं होतं. मग खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, जास्त आवळला म्हणाल्या, मग बसताना मागं रेलत असेन म्हणाल्या. नालबंद स्टुलावरून ऐकत होता.

"खोगीर तेच. तंग तोच. तुम्ही त्याच. बसताही बऱ्या," तो म्हणाला. "नवं काय आहे?"

"नवी फक्त गादी. पण गादीचं नसणार काका, तिची एक शिवण दिसत नाही."

"कुणाला दिसत नाही?"

"कुणालाच नाही!"

"घोडीनं पाठ वळवून बघायचं कधी ठरवलंय?" नालबंद म्हणाला. "उद्या या. अर्धी बाही घालून या."

शुक्रवारी त्यानं खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर टेलरबाईंना हात आडवा ठेवायला लावला. त्यावर निळी गादी, त्यावर खोगीर, आणि दोघा जणांच्या आधारानं, गुडघ्यांना शिव्या देत, तो स्वतः वर बसला. "माझे गुडघे गेले, वजन आहे तसंच आहे," तो म्हणाला. "घोडी चार तास सोसते. तुम्ही दहा मिनिटं सोसा."

पहिल्या मिनिटाला काही नाही. तिसऱ्या मिनिटाला काहीतरी खुपायला लागलं. तेच ते आत दडवलेलं सगळं: दुमडलेल्या कडा, गोटाचं टोक, एकावर एक आलेले चार पदर. वरून जितकं नितळ, तितकं खाली सगळं कोंबलेलं. सातव्या मिनिटाला टेलरबाई "बास" म्हणाल्या. हात बाहेर काढला. मनगटापासून चार बोटांवर एक लाल ओळ उठली होती, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके.

"बघा," नालबंद म्हणाला, "खोगीरभरती ती हीच."

पण टेलरबाई त्याचं ऐकतच नव्हत्या. त्या ओळीकडे बघत होत्या. ही ओळ त्यांनी आधी पाहिली होती. तिला मलम लावलं होतं. तिच्यासाठी साबण बदलला होता.

काकूबाईला गाजर द्यायचंसुद्धा विसरून त्या घरी आल्या. आई खिडकीशी बसून वर्तमानपत्र वाचत होती. गाऊन उलटा. टेलरबाई तिच्यासमोर बैठ्या स्टुलावर बसल्या.

"आई, खांदा दाखव."

"खांदा काय दाखवायचाय? एक्क्याऐंशी वर्षांचा आहे."

"दाखव गं."

आईनं गळा बाजूला सरकवला. लाल ओळ फिकट झाली होती. गेले दोन दिवस टेलरबाई सकाळीच तबेल्यात जात असल्यामुळे गाऊन सुलटा करायला सांगणारं घरात कुणी नव्हतं. टेलरबाईंनी आपला हात तिच्या खांद्याशी धरला. दोन ओळी शेजारी शेजारी.

"शिवण टोचते ना तुला?"

आईनं वर्तमानपत्राची घडी घातली. "कातडी पातळ झालीय आता. पूर्वी नव्हती टोचत."

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? तू मान मोडून शिवतेस. चार बायका येऊन म्हणतात, आजी, किती सुरेख शिवलाय, शिवण कुठं दिसत नाही. त्यांना दिसत नाही हे खरंच आहे. म्हटलं, घरातल्या घरात उलटा घालावा. तू सुलटा कर म्हणालीस की करायचा सुलटा. मी कुठं वाद घातला?"

"अगं, दादाला वाटलं तुझं डोकं..."

"त्याला काय वाटलं ते मला माहितीये. चौतीस वर्षं मी लोकांचं बोलणं जोडून दिलंय. शेजारच्या खोलीत तुम्ही कुजबुजता ते मला ऐकू येणार नाही?"

"मग तेव्हा तरी बोलायचंस!"

"टोचतं म्हटलं असतं तर तुला लागलं असतं," आई म्हणाली. "तुम्ही मला विसराळू म्हणालात तर मला लागतं. त्यातलं माझं बरं, म्हटलं."

टेलरबाई रडल्या. दातात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे मनसोक्त रडता आलं. त्यांना भयंकर लाज वाटत होती. स्वतःच्या गुडघ्याला टोचलं तेव्हा तिसऱ्या दिवशी शिवण बाहेर आली होती. आईनं पाच महिने काढले होते. आणि घोडी बिचारी तोंडानं सांगूच शकत नव्हती, तरी तिनं एका रपेटीत सांगितलं.

आईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे. घोडीचं काय झालं ते सांग."

संध्याकाळी त्यांनी दादाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग दादा खाकरला. "मी," तो म्हणाला, "घरात बनियन उलटंच घालतो. मागचं लेबल टोचतं म्हणून."

"किती वर्षं?"

"वीस."

"आणि तुला आम्ही कुठल्या डॉक्टरकडे नेलं?" टेलरबाईंनी विचारलं. रविवारी दादा पिशवी घेऊन आला, आईच्या खोलीतल्या कॉटवर झोपून बघितलं आणि म्हणाला, "तीन दिवस मी रजा टाकतो. तू जा." नाव मागं घ्यायचा रविवार तसाच निघून गेला.

उरले होते पंधरा दिवस. डॉक्टरीण म्हणाली होती, पाठीवर खोगीर नको, पण पाय मोकळे राहू देत. म्हणून टेलरबाई रोज काकूबाईला लगामाला धरून पायी दहा किलोमीटर चालायच्या. दोघी डबक्यांपाशी थांबायच्या, दोघी बाजूची वाट बघायच्या. चौथ्या दिवशी पाठीवरची कातडी गार लागायला लागली, दहाव्या दिवशी केस बसले.

दुकान बंद झाल्यावर गादीचं काम. टेलरबाईंनी ती निळी गादी टाकाटाका उसवली आणि उलटी करून पुन्हा शिवली. घोडीच्या अंगाला येणारी बाजू सलग एका कापडाची, बोट फिरवलं तर कुठं अडू नये अशी. बाकी सगळं वर: दुमडी, गोटाची टोकं, ओव्हरलॉकचे नागमोडी धागे. तीस वर्षं जे लपवलं ते उघड्यावर ठेवायचं म्हणजे गंमत नाही. एक गिऱ्हाईक बघून म्हणालं, "अजून अर्धीच झालीय वाटतं?" टेलरबाई "नाही, झाली," म्हणाल्या आणि कानापर्यंत लाल झाल्या. त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्यांना फिकट निळं कापड जोडून त्यांनी आणखी एक वस्तू शिवली. तिच्याही शिवणी बाहेर.

रपेटीच्या सकाळी मैदानावर साठेक घोडे होते आणि त्याच्या तिप्पट माणसं. नालबंद आपलं स्टूल सोबत घेऊन आला होता आणि परक्या लोकांवरही ओरडत होता. दादा आईला घेऊन आला. आई नव्या गाऊनमध्ये, निळ्या, खांद्यांवरून आणि कुशीतून पांढऱ्या शिवणी अगदी उघड धावणाऱ्या.

काकूबाईची पाळी आली. नाडी छत्तीस. चाल सरळ. डॉक्टरीणबाईंनी पाठीवर तळवा ठेवला आणि मानेपासून मागं नेला, सावकाश, एकदा हलका, एकदा दाबून. खोगिराच्या मागच्या टोकाच्या जागी बोटं थांबली, दाबली, पुन्हा दाबली. काकूबाईनं मान वळवली, आणि डॉक्टरणीच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी तोंडात घेऊन चघळायला लागली.

"स्वच्छ," डॉक्टरीण दोरी सोडवत म्हणाली. "जा तुम्ही."

टेलरबाईंनी गादी टाकली, खोगीर चढवलं. नंबर वाटणारी एक उत्साही बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ताई, गादी उलटी बसलीय तुमची." मग तिची नजर शेजारी गेली आणि आवाज आणखी मऊ झाला. "आणि आजी, तुम्हीसुद्धा गाऊन..."

"दोघींची टेलर एकच आहे," आई म्हणाली. "चांगली आहे. नंबर देऊ का?"

टेलरबाई रिकिबीत पाय घालून वर चढल्या. वर बसल्यावर त्यांना आईच्या खांद्यावरची शिवण दिसली, कालच घातलेली, जराशी तिरकी गेलेली. गिऱ्हाइकाची असती तर उसवली असती. त्या खाली वाकल्या.

"आई, तीन दिवसांत काही टोचलं, खुपलं, नको वाटलं, तर दादाला सांगायचं. मनात ठेवायचं नाही. लगेच सांगायचं."

"लगेच?"

"लगेच."

पुढचे घोडे निघायला लागले होते. काकूबाईनं कान टवकारले. आईनं एक बोट गळ्यात घालून कापड जरा ओढून बघितलं.

"मग आत्ताच सांगते," ती म्हणाली. "गळा आवळ झालाय गं."

टेलरबाई खळखळून हसल्या. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, लगाम धरलेला होता.

"आल्यावर सैल करते," त्या म्हणाल्या, आणि काकूबाईला टाच दिली.